आधी गव्हले, मग ग म भ न

शाळा सुरू होऊन महिना उलटला की पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. ‘चार वर्षांची झाली, अजून खडू मुठीत धरते.’ ‘शेजारचा मुलगा पन्नासपर्यंत अंक काढतो, आमचा नुसत्या रेघोट्या ओढतो.’ ‘बाईंनी सांगितलंय, हात कच्चा आहे, घरी रोज एक पान लिहून घ्या.’ धुळ्याकडच्या एका आजोबांनी तर सगळी काळजी एका वाक्यात सांगितली, ‘आमना पोऱ्या आजून लिखत नही.’ पोऱ्याचं वय विचारलं, तर साडेतीन.

साडेतीन वर्षांच्या मुलाने लिहायचं नसतंच. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करून टणक होत जातात. शेवटचं हाड क्ष-किरणात दिसायला नऊ-दहा वर्षं उजाडतात. बोटांचे बारीक स्नायू आणि त्यांच्यावरचा मेंदूचा ताबाही असाच सावकाश येतो. अशा हाताकडून रोज पानभर ‘अ’ काढून घेतला, तर मूल बोटं आवळून, मनगट ताठ करून कसाबसा तो काढेल. पुढे ती आवळलेली पकडच सवय होऊन बसते.

हात पक्का व्हावा ही अपेक्षा रास्त आहे. तो पक्का होतो चिमटीत धरून, वळून, दाबून, फाडून, कातरून. यासाठी लागणारं बहुतेक सामान खान्देशातल्या घरात, शेतात आणि अंगणात पडलेलं आहे. दुकानातला रंगीत डब्यातला ‘ॲक्टिव्हिटी किट’ आणू नका असं मी म्हणणार नाही, पण तो आणण्याआधी घरातला कापसाचा पुडा आणि कणकेची परात बाहेर काढा.

खांद्यापासून बोटांपर्यंत

शास्त्र इथे एवढंच पुरे: हाताचा ताबा वरून खाली येतो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटं. ज्याचा खांदा डगमगतो, त्याची बोटं कागदावर स्थिर राहत नाहीत. म्हणून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्याचा दोर घट्ट धरून झोके घेणारी मुलगी लिहिण्याचीच तयारी करत असते. झाडावर चढणं, पाण्याची छोटी कळशी दोन्ही हातांनी उचलून आणणं, ओलं फडकं पिळणं ही सगळी कामं त्याच हिशेबात धरा.

दुसरी गोष्ट दोन हातांची. एक हात धरतो, दुसरा काम करतो. शेंग सोलताना, कागद कातरताना, वहीवर लिहिताना हेच होतं. मोबाइलच्या काचेवर बोट फिरवताना धरणारा हात रिकामाच असतो आणि बोटाला विरोध करणारंही काही नसतं. तासभर बोट फिरवून बोटांची ताकद वाढत नाही, ती एवढ्यासाठी.

कोणत्या वयात काय अपेक्षा ठेवावी

मुलं मागेपुढे होतात. खालचे टप्पे ढोबळ आहेत. शेजारच्या मुलाशी तुलना करायला ते वापरू नका.

- एक ते दोन वर्षं: अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत मुरमुरा उचलता येतो. दीड वर्षाच्या आसपास मूल खडूने रेघोट्या ओढतं. खडू मुठीत असतो, तसाच असू द्या.
- दोन ते तीन: मूल उभी रेघ बघून ओढतं, सहा-सात ठोकळे एकावर एक रचतं, पुस्तकाचं एकेक पान उलटतं.
- तीन ते चार: गोल काढता येतो. मोठे मणी दोऱ्यात ओवता येतात. कात्रीने कागदाच्या कडेला एकेक चावा घेता येतो.
- चार ते पाच: खडू मुठीतून निघून बोटांत येतो. अधिकचं चिन्ह काढता येतं, काही बटणं सोडवता येतात, जाड रेघेवरून कातरता येतं.
- पाच ते सहा: चौकोन आणि पुढे त्रिकोण जमतो, काही बटणं लावता येतात, नावातली काही अक्षरं काढता येतात.

या यादीत ‘ग म भ न’ कुठेतरी पाचच्या पुढे येतं. त्याआधी जे करायचं ते आता पाहू.

कापूस: सरकी काढण्यापासून फुलवातीपर्यंत

कपाशीच्या मुलखात राहून मुलाच्या हातात कापूस दिला नाही, तर दुसरं काय द्यायचं? कामाच्या पायऱ्या आपल्या आज्यांना पाठ आहेत, फक्त त्या मुलाच्या वयाप्रमाणे वाटून द्या.

1. सरकी सोडवणं (तीनच्या पुढे). वेचलेल्या कापसाचा एक पाकळीएवढा तुकडा द्या. डाव्या हाताच्या चिमटीत सरकी, उजव्या हाताने कापूस ओढायचा. सरकी सहजासहजी सुटत नाही, आणि त्या ओढाताणीतच बोटांची मेहनत आहे. सरक्या मोजून वाटीत टाकायला सांगा. शेवटी वाटी तुमच्याकडे घ्या.
2. पिंजणं (तीन ते चार). बोळा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून विरळ करायचा, ‘ढगासारखा’ होईपर्यंत. तुटला तरी चालेल.
3. फुलवात (साडेचारच्या पुढे). विरळ कापसाच्या मध्ये बोट दाबायचं, कडा वर घ्यायच्या, टोकाला दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट इथे जसं फिरतं, तसंच पुढे पेन्सिल फिरवताना फिरणार आहे.
4. लांब वात (पाचच्या पुढे). तळहातावर किंवा मांडीवर वळायची. जाडी सारखी ठेवणं अवघड असतं. मोठ्यांनाही लवकर जमत नाही.

मुलाने केलेली वात वेडीवाकडी असली तरी संध्याकाळी तीच निरांजनात लावा. आपण केलेली वस्तू घरात वापरली गेली हे मुलाला दिसलं, की दुसऱ्या दिवशी ‘चला, बसा’ म्हणावं लागत नाही.

एक काळजी मात्र घ्या. शेतातून थेट आणलेल्या कापसावर फवारणीचे अंश असू शकतात. फवारणी कधी झाली हे ठाऊक नसेल, तर दुकानातला वातीचा कापूस वापरा आणि सरकी सोडवण्याची पायरी गाळा.

वळवट: खान्देशी घरातली बोटांची शाळा

लग्नघरातल्या रुखवतात गव्हले, मालत्या, नखुल्या, फणुल्या मांडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. तांदळाच्या दाण्याएवढा गव्हला दोन बोटांत वळणारी बाई ज्या सफाईने चिमूट फिरवते, ती पाहून मला नेहमी वाटतं, बोटांची कसरत याहून नेमकी कुणी बेतली नसती. कितीतरी आज्यांच्या बोटांची ही सफाई अक्षर गिरवून आलेली नव्हती.

पीठ असं घ्या: रवा किंवा कणीक दुधात घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. सैल पीठ बोटांना चिकटतं आणि मूल वैतागतं. ज्वारीचं किंवा कळण्याचं पीठ यासाठी नको; त्याला गव्हासारखा चिवटपणा नसतो, वळताना तुटतं. (भाकरी थापायला मात्र तेच द्या. तळहात उघडा ठेवून थापणं हा वेगळा आणि चांगला व्यायाम आहे.)

- तीन वर्षांच्या मुलाला नुसत्या गोळ्या वळू द्या, आधी तळहातांत, मग तीन बोटांत.
- चार वर्षांचं मूल पाटावर तळहाताखाली पीठ फिरवून लांब वळी करेल. त्याच वळीचे बोटाने तुकडे पाडायचे.
- पाच वर्षांच्या मुलाला गोळी अंगठ्याच्या नखाने दाबून नखुली करायला शिकवा. नव्या, स्वच्छ धुतलेल्या फणीवर गोळी दाबून ओढली की रेघांची फणुली होते. मुलांना ती जादूच वाटते.
- गव्हला सगळ्यात शेवटी. सहा वर्षांच्या मुलाने पाच मिनिटांत दहा गव्हले केले तर खूप झाले.

उन्हाळ्यात घरात पापड-कुरडयांचं वाळवण चालू असेल तेव्हा मुलाला ‘मध्ये येऊ नको’ म्हणून हाकलू नका. त्याला एक लाटी, लहान पोळपाट आणि लाटणं देऊन कडेला बसवा. त्याचा पापड नकाशासारखा होईल. वाळवा, तळा, त्यालाच वाढा.

काळी माती, पोळ्याचा बैल आणि गुलाबाई

‘आम्ही मातीचा बैल करायला गेलो, वाळताना तडकला’ ही तक्रार दरवर्षी येते. तो तडकणारच. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. मे महिन्यात शेताला ज्या भेगा पडतात त्याच बैलाच्या पोटाला पडतात. उपाय साधा आहे:

- माती चाळून रात्रभर भिजत घाला. फवारणी झालेल्या शेतातली माती नको.
- दोन वाट्या मातीला साधारण एक वाटी चाळलेली बारीक वाळू घाला. तापी, गिरणा, पांझरा, जी नदी जवळ असेल तिची चालेल.
- त्यात पिंजलेला कापूस विस्कटून मळा. तो मातीला धरून ठेवतो.
- बैल उन्हात ठेवू नका. सावलीत, ओलसर फडक्याखाली हळू वाळू द्या.
- एवढा खटाटोप नको असेल तर कुंभाराकडून तयार माती आणा. ती उत्तमच.

बैल करताना पाय वेगळे करून चिकटवायला सांगू नका. ते गळून पडतात आणि मूल रडतं. एकाच गोळ्यातून चार पाय चिमटीने ओढून काढायचे. वशिंड आणि तोंडही तसंच. शिंगांना निंबाच्या काड्या खोचल्या की बैल उभा. काही चिकटवायचंच असेल तर दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढा आणि मध्ये पातळ चिखल लावा.

पोळ्यानंतर काही आठवड्यांतच भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई असते. बाजारातली रंगवलेली मूर्ती आणलीत तरी तिचे दागिने, आरास, छोटी भांडी मुलांकडून करून घ्या: मातीच्या मण्यांना काडीने भोक पाडणं, वाळल्यावर ते ओवणं, कागदाची झालर कातरणं. मुलींची गाणी चाललेली असताना घरातल्या मुलग्यांनाही या कामाला बसवा. ‘हे पोरींचं काम’ म्हणून मुलग्यांच्या हातून वाती, रांगोळी, गव्हले काढून घेतो आणि मग पहिलीत त्यांचंच अक्षर किडमिडं म्हणून ओरडतो, हे मला कधी पटलेलं नाही.

केळीचं पान, लग्नपत्रिका आणि ओट्यावरचं पाणी

रावेर-यावल-चोपड्याकडच्या वाचकांना केळीचं पान म्हणजे काय ते सांगायला नको. त्याच्या शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत एकमेकींना समांतर जातात, म्हणून पान फाडलं की सरळ पट्टीच निघते. कागद फाडताना वेडावाकडा जातो, पान जात नाही. तीन वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी यश मिळवून देणारं यासारखं दुसरं साधन नाही. पाच वर्षांची मुलं त्याच पट्ट्या एक वर, एक खाली अशा घालून छोटी चटई विणू शकतात. खोडाच्या सोपटाचा आडवा काप घेऊन रंगात बुडवला तर जाळीदार चंद्रकोरीचा ठसा उठतो. भेंडीचा काप फुलासारखा उठतो. केळीच्या चिकाचे डाग मात्र कपड्यांवरून जात नाहीत, तेव्हा जुने कपडे घाला.

कात्रीची सुरुवात लग्नसराई संपल्यावर साठलेल्या पत्रिकांनी करा. पातळ कागद कात्रीत दुमडतो, जाड पत्रिका ताठ राहते, म्हणून शिकणाऱ्याला सोपी जाते. पिना आधी काढून टाका. बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून द्या, म्हणजे एका दाबात तुकडा पडेल. त्यानंतर जाड रेघ, मग वळण, शेवटी गोल. अंगठा वरच्या बाजूला आणि कोपर अंगाजवळ राहील एवढं बघा. गोल कातरताना कात्री फिरवायची नसते, दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा असतो. हे एकदा करून दाखवा. कात्री गोल टोकाची हवी, पण कापणारी हवी. न कापणाऱ्या प्लॅस्टिकच्या कात्रीने मूल एवढंच शिकतं की आपल्याला जमत नाही.

आणि जळगावच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना काय करायचं? संध्याकाळी सावलीतल्या ओट्यावर एक वाटी पाणी आणि जुना रंगाचा ब्रश द्या. भिंतीवर, ओट्यावर पाण्याने चित्र काढायचं. ते बघता बघता वाळतं, पाटी पुन्हा कोरी. उभ्या भिंतीवर काम करताना मनगट आपोआप लिहिण्याच्या स्थितीत मागे वळतं. खर्च शून्य, पसारा शून्य.

रांगोळीबद्दल एकच सूचना: आधी तांदळाच्या पिठाने किंवा चाळलेल्या वाळूने ठिपके टाकू द्या. बाजारातल्या रंगांची पूड डोळ्यांत आणि नाकात जाते.

पकड कशी सुधारायची

चारच्या पुढेही खडू मुठीतच असेल, तर बोटं धरून जबरदस्तीने बसवू नका. हे करून बघा:

- लांब पेन्सिल काढून घ्या, मोडके आखूड खडू द्या. इंचभर तुकडा मुठीत मावत नाही. तो तीन बोटांतच धरावा लागतो.
- करंगळी आणि अनामिकेखाली कापसाचा छोटा बोळा धरायला सांगा. ती दोन बोटं मिटून राहतात आणि उरलेली तीन मोकळी होतात.
- कागद दारावर किंवा भिंतीवर चिकटवा.
- मूल खाली मांडी घालून बसणार असेल तर समोर पाट द्या. टेबलावर बसणार असेल तर पाय टेकू द्या. पाय लोंबकळत असले की सगळं अंग तोल सांभाळण्यात गुंततं.

वेळ दहा ते पंधरा मिनिटं. रोज असेल तर उत्तम, पण मूल उठून गेलं तर जाऊ द्या.

डावखुरं मूल

कोणता हात पुढे हे साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान दिसू लागतं आणि पाच-सहापर्यंत ठरतं. डाव्या हाताने खडू धरणाऱ्या मुलाचा हात बदलू नका. जेवण आणि प्रसाद उजव्या हाताने घेण्याची घरची रीत असेल तर ती समजावून सांगा, पण ती पेन्सिलीवर लादू नका. डावखुऱ्याला डाव्या हाताची कात्री मिळते. उजव्या हाताच्या कात्रीने डावखुऱ्याला कातरायची रेघच नीट दिसत नाही. वर्गात त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायची विनंती करा, कोपरं आपटणार नाहीत.

हे हाताशी ठेवू नका

इथे मी जरा कठोर होणार आहे, कारण ‘निसर्गातलं आहे, चालतं’ हा समज घातक आहे.

- गुंजा. सोनाराच्या जुन्या तराजूतल्या लाल-काळ्या सुंदर बिया. चावली गेल्यास जीवघेणं विष. मण्यांसाठी कधीच नको.
- एरंडाच्या बिया, पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, कण्हेरीची पानं-फुलं, धोतरा. सगळं विषारी. बिट्ट्यांनी खेळून आपण मोठे झालो हे खरं आहे, तरीही नको.
- रुईची पानं. शनिवारच्या माळेसाठी घरात येतात. त्यांचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते.
- मोरचूद घातलेली खळ. कणकेची ताजी शिजवलेली खळ मुलांसाठी सर्वांत चांगला गोंद. ती टिकावी म्हणून बाइंडर मोरचूद घालतात. घरी तो घालू नका. खळ दोन दिवसांत आंबली तर फेकून नवी करा.
- चुन्याची डबी किंवा पुडी. दाबली की उडते, डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. उडालाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहा आणि तसंच दवाखाना गाठा.
- प्लॅस्टर ऑफ पॅरिस. घट्ट होताना तापतं. त्यात हाताचा ठसा घ्यायला मुलाची मूठ बुडवून ठेवू नका.
- चिंचोके, हरभरे, मणी, शेंगदाणे तीन वर्षांखालच्या मुलाच्या आसपास नकोत. मोठ्या भावंडासाठी काढलेली वाटी धाकटं उचलतं. हरभरा नाकात गेला तर तो फुगतो; चिमट्याने काढायला जाऊ नका, आत सरकतो. डॉक्टरांकडे न्या.

कामानंतर हात साबणाने धुणं आणि नखं कापलेली असणं, मातीकामाला हे दोन्ही सक्तीचं.

शाळेचं ‘क्राफ्ट’ आणि रात्री अकराची आई

‘उद्या टाकाऊतून टिकाऊ वस्तू आणा.’ निरोप संध्याकाळी सातला येतो. मग थर्माकोल, चमकी, गरम गोंदाची बंदूक. मूल झोपलेलं, आई जागी. दुसऱ्या दिवशी वर्गात चाळीस आयांचं प्रदर्शन भरतं आणि सगळ्यात सुबक आईला बक्षीस मिळतं. मुलाच्या बोटांना त्यातून काय मिळालं?

तुम्ही एवढं करा: मुलाने केलेलं जसं असेल तसं पाठवा. मागे पेन्सिलीने लिहा, ‘हे मुलाने स्वतः केले आहे.’ पालकसभेत दोन-चार पालक मिळून सांगा की वस्तू वर्गातच करून घ्या, आम्ही कापूस, पत्रिका, माती पुरवू. बहुतेक बाई हे ऐकतात. त्यांनाही ते प्रदर्शन नकोच असतं.

मूल काही करत असताना ‘हे काय आहे?’ असं विचारू नका. त्याला कळतं की ते ओळखू आलेलं नाही. ‘हे कसं केलंस?’ असं विचारा. आणि त्याच्या बैलाचं शिंग तुम्ही सरळ करू नका.

स्थानिक वस्तूंनी काम ‘गावंढळ’ दिसतं असं वाटणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. डिसेंबर १९३६मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबू आणि अशाच गावठी सामानातून उभी केली होती. आणि १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी महागड्या परदेशी साधनांच्या जागी खडे, बिया, शंख-शिंपले, पानं वापरली. आज ‘अंगणवाडी’ म्हणून जे ओळखलं जातं, त्याची मुळं त्या कामात आहेत.

तुमचे हक्क

- अंगणवाडी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण मोफत आहे. अंगणवाड्या ज्या योजनेत येतात ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. तिथे खेळ आणि हस्तकाम व्हावं असा आग्रह धरणं ही कटकट नाही, तुमचा अधिकार आहे.
- लिहिण्याची घाई. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानतं आणि त्यात शिकणं खेळातून, कृतीतून व्हावं असं म्हणतं. ‘धोरणच आहे, लिहायला लावावं लागतं’ असं कुणी म्हणालं तर हे शांतपणे दाखवा.
- प्रवेशासाठी चाचणी. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १३नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. पहिल्या वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘लिहून दाखव, मग पहिलीत प्रवेश’ हे त्यात बसत नाही.
- शिक्षा. त्याच कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. अक्षर वाईट म्हणून बोटांत पेन्सिल घालून दाबणं ही शिस्त नाही. आधी मुख्याध्यापकांशी बोला, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तातडीचं असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक आहे.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

घरगुती उपायांवर वेळ घालवू नये अशा काही खुणा आहेत:

- दीड वर्षाच्या आत मूल सतत एकच हात वापरतं आणि दुसरा हात मुठीत किंवा अंगाशी ठेवतं. याला ‘लवकर डावखुरा झाला’ म्हणू नका. दुसऱ्या हातात अशक्तपणा असू शकतो.
- पूर्वी येत असलेलं काम येईनासं झालं.
- चार पूर्ण होऊनही रेघ किंवा गोल जमत नाही, हाताने करायचं प्रत्येक काम मूल टाळतं.
- हात थरथरतात, किंवा मूल कागदाला डोळे लावून काम करतं. दुसऱ्या बाबतीत आधी डोळे तपासा.
- मूल वेळेआधी, फार कमी वजनाचं जन्मलं होतं किंवा जन्मतः काचेच्या पेटीत ठेवावं लागलं होतं. अशा मुलाची तपासणी अडचण दिसण्याआधीच नियमित व्हावी.

यासाठी खर्चाची भीती बाळगू नका. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांची एकदा मोफत तपासणी करतं. विकासातला विलंब शोधणं हा त्या तपासणीचाच भाग आहे. पथक कधी येणार ते अंगणवाडी सेविकेला विचारा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा, कारण घरी मूल काय करतं ते तुम्हालाच सांगता येतं. गरज असेल तर पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. चिठ्ठी मिळाली की महिनाभर ‘बघू’ म्हणू नका. लहान वयात सुरू केलेले उपचार जास्त लागू पडतात.

येत्या पोळ्याला मुलाने केलेला बैल, शिंग तुटलेलं असलं तरी, विकतच्या जोडीशेजारी पाटावर ठेवा आणि हळदकुंकू त्यालाही वाहा.